हात जोडून गप्प

वर्षभर एकच गोष्ट डोक्यात ठाण मांडून बसली की संपादकीयात दुसरं काही सुचत नाही. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २०२५ ला पंचवीस वर्षांचं झालं, मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, बस्तरच्या बातम्यांनी वर्षभर पहिलं पान सोडलं नाही. त्या सगळ्यावर आत लेख आहेत. मला बोलायचं आहे ते आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतल्या जोडलेल्या हातांबद्दल.

कुणीतरी काका सकाळी सकाळी मजकूर टाकतात. अमुक बियांनी मधुमेह कायमचा जातो, तमुक तारखेपासून बँका बंद, आणि खाली ‘जसं आलं तसं पुढे पाठवत आहे’. गटात डॉक्टर असतात, बँकेतून निवृत्त झालेले असतात. हे धादांत खोटं आहे हे त्यांना पहिल्या ओळीतच कळतं. मग ते करतात काय? जोडलेल्या हातांचं चित्र टाकतात आणि चहा प्यायला जातात. माझा राग काकांवर नाही, या हातांवर आहे.

खोटं पसरवणारा एक तर मूर्ख किंवा लबाड, ही आपली सोयीची समजूत. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने तिथल्या अफवा गोळा केल्या. जिथे धक्के जाणवले पण पडझड झाली नाही, तिथली माणसं एकमेकांना सांगत होती की याहून मोठं अरिष्ट येतंय. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन अभ्यासकाला पुढे यात कोडं दिसलं: घाबरलेला माणूस आणखी भीतिदायक गोष्ट कशाला जवळ करेल? १९५७ च्या पुस्तकात त्याने उत्तर मांडलं. पोटात भीती आहे, पण डोळ्यांसमोर कारण नाही, आणि ही अवस्था सहन होत नाही. अफवा ते कारण आणून देते.

आपल्याकडचंच बघा. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, छत्तीसगडमध्ये मीठ संपणार अशी आवई उठली आणि लोक दुकानांवर धावले. डाळ नाही, तेल नाही, मीठच का? ज्या प्रदेशात व्यापाऱ्यांनी आदिवासींकडून मिठाच्या बदल्यात चारोळी उचलली, जिथे आजही रेशनवर ‘अमृत नमक’ ही सरकारी योजना चालते, तिथे मिठाची टंचाई ही कल्पना म्हणून नाही, आठवण म्हणून जागी होते, असं मला वाटतं. रांगेतल्या माणसाला हसणाऱ्या शहरी शहाण्यांनी भारत-पाक संघर्षातली ८ मे २०२५ ची रात्र आठवावी. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं काही वृत्तवाहिन्यांनी ओरडून सांगितलं आणि आपल्यातल्या सुशिक्षितांनी ते मध्यरात्रीपर्यंत पुढे ढकललं. सकाळी बंदर जागेवरच होतं.

आता हातांकडे येतो. १९७७ मध्ये तीन अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा विधानं वाचायला दिली. काही दर वेळी तीच, काही नवी. खरी असोत की खोटी, पुन्हा पुन्हा भेटलेली विधानं अधिक खरी वाटू लागली. ओळखीचं ते खरं, एवढाच तो हिशेब. आपल्या गटांत तर मजकूर पुन्हा येतो तो डॉक्टरसाहेबांचे हात खाली चिकटवून. डॉक्टरांना वाटतं आपण नुसता नमस्कार केला. गटातली विशीतली मुलगी वाचते की डॉक्टरांनाही पटलंय.

गप्प बसण्याचं कारण मला ठाऊक आहे, तुम्हालाही आहे. तात्यापारा, बुढापारा, चौबे कॉलनी. रायपुरात मराठी माणूस फिरून फिरून जाणार कुठे? आज ज्यांना ‘हे खोटं आहे’ म्हणायचं, त्यांच्याच पुतणीचं स्थळ उद्या आपल्या घरी येणार. पुण्यात भांडून दुसऱ्या पेठेत राहता येतं, इथे संध्याकाळी महाराष्ट्र मंडळात तेच चेहरे. आणि काकांनाही माहितीचं काही पडलेलं नसतं. मला तुमची काळजी आहे, मी अजून उपयोगाचा आहे, एवढंच त्यांना कळवायचं असतं. त्याला खोडायचं म्हणजे मायेलाच खोडायचं, असं वाटून आपण हात जोडतो.

पण याच मुलखात १९०० साली पेंड्र्याहून माधवराव सप्रे नावाच्या मराठी माणसाने ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं, आणि ते गाजलं ते पुस्तकांच्या परखड समालोचनांसाठी. मासिक फार वर्षं चाललं नाही हेही खरं.

यंदाच्या अंकाचा विषय ‘शेजार’. संपादकीयाशी याचा संबंध काय, असं विचाराल, तर अफवेचा बळी बहुधा शेजारीच असतो. गावात मूल दगावलं, म्हैस आटली की पलीकडच्या घरातली एकटी बाई ‘टोनही’, म्हणजे चेटकीण, ठरते. त्यासाठी २००५ मध्ये राज्याला कायदा करावा लागला, आणि आपल्याच शहरातले नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र वर्षानुवर्षं गावोगाव जाऊन लोकांशी बोलतायत. शेजारी हाताशी नसेल तर परका चालतो. जून २०१८ मध्ये सरगुजा जिल्ह्यात मुलं पळवणारा समजून जमावाने एकाला मारलं. काही दिवसांनी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचलं. ते मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेले होते. त्या दिवसांत देशभर फिरणाऱ्या चित्रफितींतली एक मुळात कराचीतल्या संस्थेची जनजागृतीची होती. शेवटचा, मूल परत करण्याचा भाग कुणीतरी कापला होता. ती मोबाइलवर पाहून अनेकांना शंका आली असेलच. शंका आलेल्यांनी काय पाठवलं असेल?

गटात चारचौघांत काकांना खोटं पाडा, असं मी सांगणार नाही. त्याने ते हट्टालाच पेटतील. फोन करा. फराळाच्या दिवसांत फोन होतातच. ‘मी फक्त पुढे पाठवलं’ असं ते म्हणतील, तिथे वाद घालू नका. तुम्हाला कोणाकडून आलं, एवढंच विचारा. बहुतेक वेळा नाव निघतं ते आपल्याच आणखी एका आत्याचं, आणि मग तिलाही फोन लावावा लागतो.