फॉगर म्हणजे एसी नव्हे



पॉलिहाऊसवाल्यांसाठी जरा परखड लिहितोय. राग मानू नका, आधी माझीच चूक सांगतो.

गेल्या मे महिन्यात १० गुंठ्यातली ढोबळी मिरची ऐन फुलात होती. एकाने सांगितलं, पडदे बंद करा अन् फॉगर सोडा, गारवा आतच कोंडून राहतो. ऐकलं. दुपारी आत गेलो तर जीव गुदमरला. पानं ठिबकतायत अन् थर्मामीटर ४१ वर. चार दिवसांत बेडवर फुलांचा सडा. एक अख्खा तोडा गेला.

माठाचं बघा. उन्हाळ्यात पाणी गार होतं, पावसाळ्यात होत नाही. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. हवा आधीच ओली असेल तर पाणी उडणार कुठं? बंद पडद्यात मी पावसाळाच तयार केला होता.

आता दोन थर्मामीटर सावलीत टांगलेत. एकाच्या टोकाला ओलं फडकं. कोरडा ४० अन् ओला २४ असला की फॉगरचा उपयोग. कोरडा ३३ अन् ओला २८ असला की फॉगर बंद, नुसतं वारं खेळवायचं. ओल्या फडक्याच्या आकड्याखाली कुठलाच फॉगर नेऊ शकत नाही. फॉगरसुद्धा थोडा वेळ चालवून थांबवायचा, पान ठिबकायच्या आत. अन् बाजूचे पडदे उघडेच. दुपारी वरून शेडनेट ओढायची, कारण आत न आलेलं ऊन गार करावं लागत नाही.

काहीजण म्हणतात फॅन-पॅड बसवा. काम चांगलं करतं, नाही म्हणत नाही. पण त्यात घर बंद असतं. भर दुपारी लाईट गेली, पंखे थांबले, की काही मिनिटांत आत भट्टी. आपल्याकडं थ्री फेजचा भरवसा नसतो. जनरेटर अन् डिझेल धरूनच हिशोब करा.

माझं मत स्पष्ट आहे. लहान शेतकऱ्यानं पैसा आधी उंचीवर अन् वरच्या खिडकीवर घालावा. गरम हवा वरच जाते, तिला वाट द्या. जाळीवरची धूळ धुवा, धुळीनं वारं अडतं. वाऱ्याला लाईटबिल येत नाही.

दोन थर्मामीटर अन् एक फडकं. मी हे तोडा गेल्यावर शिकलो, तुम्ही आधी शिका.