पोरांच्या गाड्या, बापांच्या शर्यती

मोठ्या शहरांतील सुखवस्तु घरांत अलीकडे एक नवी भाषा ऐकूं येऊं लागली आहे. मुलगा आठ वर्षांचा झाला कीं त्यास कार्ट घेऊन द्यावी, नवव्या-दहाव्या वर्षीं शर्यतींत उतरवावें, आणि हातांत गुण दिसला तर इटलींत किंवा इंग्लंडांत धाडावें, म्हणजे फॉर्म्युला वनचें दार उघडलेंच, अशी ती भाषा आहे. ज्यांनीं कार्ट पाहिली नसेल त्यांच्यासाठीं सांगतों, कीं ती म्हणजे नळ्यांचा जमिनीलगतचा सांगाडा, चार लहान चाकें आणि एक छोटें इंजिन; तिला छप्पर नाहीं आणि स्प्रिंगाहि नाहींत. मराठींत ‘कार्टें’ या शब्दाचा अर्थ सर्वांस ठाऊकच आहे. परंतु या खेळांतील व्रात्यपणा पोरांचा नसून त्यांच्या वडीलधाऱ्यांचा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आम्ही या खेळाचे वैरी नाहीं. उलट त्याचें मूळ पाहिलें म्हणजे त्याविषयीं आदरच वाटतो. १९५६ सालीं कॅलिफोर्नियांत आर्ट इंगल्स या शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारागिरानें, लू बोरेली या मित्राच्या साहाय्यानें, हिरवळ कापण्याच्या यंत्राचें पडून राहिलेलें इंजिन नळ्यांच्या सांगाड्यावर बसविलें, आणि जगांतील पहिली कार्ट तयार झाली. ज्यास शर्यतीची मोटार परवडत नाहीं त्यालाहि वेगाचा आनंद मिळावा, हा या वाहनाचा धर्म होता. आठ वर्षांत, म्हणजे १९६४ सालीं, त्याचें जागतिक अजिंक्यपद सुरू झालें. आणि १९६६ सालीं सुझी रागानेल्ली या इटालियन तरुणीनें पुरुषांस मागें टाकून तें पद जिंकलें. मोडक्या यंत्रांतून जन्मलेला आणि स्त्रीपुरुषांस एका रांगेंत उभा करणारा असा खेळ कोणास आवडणार नाहीं?

आज त्याच खेळाची स्थिति काय आहे? कार्टचीं मागचीं दोन्ही चाकें एकाच आंसावर घट्ट बसविलेलीं असतात. वळणावर आंतलें मागचें चाक क्षणभर उचललें गेलें नाहीं तर गाडी अडखळते. आणि तें उचललें जावें यासाठीं सांगाडा योग्य तेवढाच पिळवटला पाहिजे. म्हणून आंसाचा ताठपणा, चाकांमधील अंतर, टायरांतील हवा, बैठकीची जागा, यांपैकीं कशांतहि थोडा फरक झाला तरी फेरीची वेळ बदलते. हें ज्ञान सुंदर आहे, आणि बापलेकांनीं हात काळे करून तें मिळवावें यासारखें दुसरें शिक्षण नाहीं. परंतु एकाजवळ चार प्रकारचे आंस, तीन निवडक इंजिनें, पगारी मेकॅनिक आणि सरावासाठीं हवे तितके नवे टायर आहेत, आणि दुसऱ्याजवळ एक इंजिन व मागच्या महिन्याचे टायर आहेत, अशा दोन मुलांस एका रांगेंत उभें करून पुढें गेलेल्यास ‘गुणी’ म्हणणें, ही न्यायाची थट्टा आहे. तेथें मुलाचा हात थोडा मोजला जातो आणि बापाची थैली पुष्कळ मोजली जाते.

यावर कार्टवाल्या मंडळींचें ठरलेलें उत्तर असें, कीं खरा गुण कोठेंहि झाकून राहत नाहीं. मिखाएल शूमाखरचा बाप गवंडी होता, आणि ल्युइस हॅमिल्टनच्या बापानें मुलासाठीं एकाच वेळीं अनेक नोकऱ्या केल्या, हीं उदाहरणें तत्काळ पुढें येतात. उदाहरणें खरीं आहेत. पण तीं पुरतीं सांगावीं. शूमाखरचा बाप केर्पेन येथील कार्टच्या ट्रॅकची व्यवस्था पाहत होता, म्हणून श्रीमंतांनीं टाकलेले टायर आणि सरावाची जागा त्या मुलास घरच्यासारखी मिळाली. हॅमिल्टन तेरा वर्षांचा असतांना, १९९८ सालीं, मॅक्लारेन कंपनीनें त्यास आपल्या पंखाखालीं घेतलें. म्हणजे एकास ट्रॅक लाभला आणि दुसऱ्यास धनी लाभला. ज्यांस दोन्ही लाभलीं नाहींत, त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. आणि ठाऊक नाहींत म्हणूनच ‘गुण झाकून राहत नाहीं’ असें म्हणणें इतकें सोपें जातें. पुरांत वाहून गेलेल्यांची साक्ष कोणी काढीत नाहीं. कांठाला लागलेल्यास मात्र पुढें करून नदी उथळ आहे असें सांगण्यांत येतें.

दुसरा युक्तिवाद कठोरपणाचा आहे. मॅक्स व्हर्स्टॅपन सुमारें पंधरा वर्षांचा असतांना, २०१२ सालीं, इटलींतील सार्नो येथें अविचारानें पुढें जाण्याच्या प्रयत्नांत हातची शर्यत गमावून बसला. परततांना बापानें त्यास पेट्रोलपंपावर गाडीतून उतरविलें आणि पुढें कित्येक दिवस त्याच्याशीं अबोला धरला. ही हकीकत त्या घरच्या मंडळींनींच जाहीरपणें सांगितली आहे. पुढच्याच वर्षीं तो मुलगा कार्टमध्यें जगज्जेता झाला, आणि २०२१ पासून २०२४ पर्यंत सलग चार वर्षें फॉर्म्युला वनचें अजिंक्यपद त्यानें मिळविलें. तेव्हां ‘पाहा, धाकानेंच मुलगा घडला’ असें म्हणण्यास मंडळी मोकळी झाली. आम्ही विचारतों, तो धाकानें घडला कीं धाक सोसूनहि घडला, हें ठरविणार कोणी? शिवाय तो जिंकला नसता तर त्याच वागणुकीस आपण काय नांव दिलें असतें? जी गोष्ट यश मिळालें तर शिस्त आणि न मिळालें तर क्रौर्य ठरते, ती शिस्त नव्हे. तो मुलाच्या जिवावर लावलेला डाव आहे.

आणि या धाकाचें पीक काय येतें, तेंहि पाहावें. २०२० च्या ऑक्टोबरांत इटलींतील लोनाटो येथें जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत बाहेर पडलेल्या एका चालकानें आपल्या कार्टचा सुटलेला बंपर, शर्यत चालू असतांनाच, प्रतिस्पर्ध्यावर फेकला; शर्यतीनंतर तो त्याच्या अंगावर धांवून गेला, आणि त्या झटापटींत त्याचा बापहि उतरला. पुढें दोघांसहि पंधरा वर्षांची बंदी झाली. त्या मुलानें धावून जातांना बापाकडे पाहिलें तर त्यास थांबविणारा हात दिसावयास हवा होता. तेथें बापच मुठी आवळून उभा होता. एका घरावर सारा दोष टाकून मोकळें होणें सोपें आहे. पण रविवारीं कोणत्याहि ट्रॅकच्या कुंपणाशीं जाऊन उभें राहावें, आणि मुलें अधिक ओरडतात कीं बाप, हें ज्याचें त्यानें मोजावें.

तिसरा आणि आमच्या मतें मूळचा रोग हा, कीं कार्टला कोणी खेळ मानीतच नाहीं. तिला जिना समजतात. आयर्टन सेना हा फॉर्म्युला वनमध्यें तीनदां जगज्जेता झाला. परंतु कार्टचें जागतिक अजिंक्यपद त्यास कधींच मिळालें नाहीं. १९७९ व १९८० या दोन्ही वर्षीं तो दुसरा राहिला. १९९३ सालीं, सर्वांत समाधान देणारा प्रतिस्पर्धी कोण असें विचारलें असतां, त्यानें नांव घेतलें तें टेरी फुलर्टन या कार्टमधील जुन्या सहकाऱ्याचें. तेथें निखळ शर्यत होती, पैसा आणि राजकारण नव्हतें, असें कारणहि त्यानें दिलें. फुलर्टन १९७३ चा जगज्जेता. फॉर्म्युला वनच्या गाडींत तो कधीं शर्यत धांवला नाहीं. जिन्याच्या हिशेबानें हा मनुष्य फुकट गेला! खेळाच्या हिशेबानें मात्र त्याचें स्थान सेनानें स्वतः ठरवून दिलें आहे.

उपाय नाहीं असें नव्हे. तो या खेळांतच सिद्ध झालेला आहे. रोटॅक्स कंपनीच्या वार्षिक अंतिम स्पर्धेंत स्पर्धकांस कार्टी व इंजिनें चिठ्ठ्या टाकून देण्यांत येतात. २०१० पासून आंतरराष्ट्रीय संघटनेनें लहान मुलांसाठीं सर्वांस एकसारखें साहित्य देणारी अकादमी-स्पर्धा चालविली. मग जी गोष्ट शिखरावर साधते, ती पायथ्याशीं, जेथें तिची खरी गरज आहे तेथें, कां साधूं नये? बारा वर्षांखालील प्रत्येक स्पर्धेंत इंजिन चिठ्ठीनें मिळावें, टायरांचा एकच संच असावा, सरावाचे दिवस ठरलेले असावेत, आणि शर्यत चालू असतांना पालकांनीं कुंपणाबाहेर, व शक्य तर तोंड मिटून, उभें राहावें. यानें खेळाचा रंग जाईल असें म्हणणाऱ्यांचा रंग कोणता आहे, हें आम्हांस समजतें.

आमच्या महाराष्ट्रांत कोल्हापुरास कार्टचा ट्रॅक आहे आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्याहि तेथें झाल्या आहेत. ज्या शहरांत शाहू महाराजांनीं खासबागेचें कुस्तीचें मैदान उभें केलें, त्या शहरास हा विचार परका वाटूं नये. हौद्यांतील माती दोन्ही मल्लांस सारखीच असते. एकानें आपल्या पैशानें मऊ माती आणिली, असें तेथें कोणी ऐकून घेणार नाहीं. तेव्हां ज्या पालकांच्या मनांत मुलास कार्ट घेऊन देण्याचें असेल, त्यांनीं गाडीची किंमत विचारण्यापूर्वीं चालकमंडळींस तीन प्रश्न विचारावेत: इंजिन कोण देतें? टायर किती? आणि हरलेल्या मुलाशीं येथें कोण, कसें बोलतें? उत्तरें समाधानकारक नसतील तर मुलास तासाच्या भाड्यानें मिळणाऱ्या कार्टवर मनसोक्त फिरवून घरीं आणावें. त्यास वेग कळेल, वळण कळेल, आणि बापाचें प्रेम सेकंदांत मोजावें लागणार नाहीं.