कपाटबंद प्रबंध

पणजीत १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकशाळेचा वारसा आज बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय चालवीत आहे. तेथे काय, अन्यत्र काय, एम.डी., एम.एस. पदव्यांसाठी प्रबंध लिहावा लागतो आणि त्याला आधार असतो तो वॉर्डातील रुग्णांनी विश्वासाने दिलेल्या रक्ताचा व माहितीचा. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगे’वर कोणालाही वाचता येतात, हे प्रबंध मात्र देशभर बहुधा ग्रंथालयांच्या कपाटांतच पडून राहतात. महागड्या परदेशी नियतकालिकांची वर्गणी जनतेच्या पैशातून भरावी आणि तिच्याच व्याधींचा अभ्यास तिला दुर्लभ असावा, हे आम्हांस उचित वाटत नाही. रुग्णांची ओळख गुप्त राखून शासनाने हे प्रबंध सूचीबद्ध व खुले करावेत.