सही कुठे करायची?

गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाच्या कार्यक्रमात निवेदन करणाऱ्या मुलीनं माझी ओळख करून दिली, "लेखिका, गृहिणी आणि एका कंपनीच्या संचालिका." टाळ्या झाल्या. शेजारी बसलेल्या अक्का कानाशी येऊन म्हणाल्या, "बाई गं, कधी बोलली नाहीस!" बोलणार काय? पंधरा वर्षं मी संचालिका आहे आणि त्यातली चौदा वर्षं मला फक्त एक प्रश्न विचारता येत होता. सही कुठे करायची?

उद्यमबागेत आमची फौंड्री आहे. ह्यांची आणि धाकट्या भावजींची भागीदारी होती, तिची प्रायव्हेट लिमिटेड केली. दोन्ही घरांचं वजन सारखं राहावं म्हणून दोघा भावांबरोबर आम्हा दोघी जावांनाही डायरेक्टर केलं. त्या दिवशी मी पुरणपोळ्या केल्या होत्या एवढं आठवतं. पुढे वर्षातून एकदोनदा हिशेबनीस हजेरीचं रजिस्टर घेऊन घरी यायचा, मी ओल्या हाताला पदर लावून चार ओळींत चार सह्या करायची, तो चहा पिऊन जायचा. एकदा सहज तारखा बघितल्या. त्यातली एक तारीख अनंत चतुर्दशीची होती. त्या दिवशी माझा उपवास, मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बस्तीत. आणि रजिस्टरात मी ऑफिसात हजर, कर्जाच्या ठरावाला माझी संमती!

हे आमच्या घरचं. आता मोठ्या घरांकडे बघा. २०१३ चा कंपनी कायदा झाला आणि शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळावर निदान एक तरी बाई पाहिजे, असा नियम आला. बाजारात नसलेल्या पण १०० कोटींचं भांडवल किंवा ३०० कोटींची उलाढाल असलेल्या पब्लिक कंपन्यांनाही तोच. सेबीनं १ ऑक्टोबर २०१४ ची मुदत घातली होती, ती १ एप्रिल २०१५ पर्यंत वाढवावी लागली. एक बाई शोधायला एवढा वेळ! शेवटी मुदत अंगावर आली तेव्हा कितीतरी मालकांना ती स्वतःच्याच घरात सापडली. कुणाची बायको, कुणाची बहीण, कुणाची आई. त्यातल्या काही जणी खरोखर कामाच्या असतील, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण सगळ्या कंपन्यांची लायक बाई नेमकी मालकाच्या स्वयंपाकघरातच कशी निघाली?

सरकारलाही हे दिसलंच असणार. म्हणून नंतर कोटक समितीच्या शिफारशीवरून नियम बदलला. पहिल्या ५०० नोंदणीकृत कंपन्यांत १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या १००० मध्ये १ एप्रिल २०२० पासून ती बाई 'स्वतंत्र' संचालक पाहिजे. म्हणजे मालकाच्या नात्यातली नको, कंपनीशी पैशाचा व्यवहार असलेली नको. बाई स्वतंत्र असावी हे कायद्यात वेगळं लिहावं लागतं, यातच सगळं आलं.

यावर पुरुषांचं एक ठरलेलं उत्तर असतं. आमच्या समाजातले एक मोठे व्यापारी जेवणाच्या पंगतीत मोठ्यानं म्हणाले, "आम्ही घ्यायला तयार आहोत हो, पण लायक बायका मिळायला नकोत?" मी वाढत होते. हातातला चमचा तसाच राहिला. यांचा मुलगा बावीस वर्षांचा, बी. कॉम.ला दोनदा बसलेला, तो थेट डायरेक्टर झाला तेव्हा लायकीची चौकशी कुणी केली? पुरुष आत येताना फक्त मुलगा असावा लागतो, बाईनं मात्र सीए, एमबीए आणि वर स्वभावानं शांत असावं लागतं. आणि लायक बायका नाहीत हेही खोटं. बँकांत, सीएच्या परीक्षांत, कारखान्यांच्या हिशेबात त्या आहेतच. स्वतंत्र संचालकांसाठी सरकारनं २०१९ साली नावांची यादीच सुरू केली आहे, तिच्यात बघा म्हणावं.

नॉर्वेत २००३ साली मोठ्या पब्लिक कंपन्यांच्या मंडळांवर ४० टक्के बायका हव्यात असा कायदा झाला. तिथेही हीच ओरड झाली. पण न पाळणारी कंपनी बरखास्तच करता येईल अशी त्या कायद्यात सोय होती, आणि बायका मिळाल्या! आपल्याकडे किमान एक म्हटलं, तर एक घेतली की दार लावून घेतात. किमान हेच कमाल. दहा पुरुषांत एकटी बाई बसवायची आणि ती बोलत नाही म्हणून नाव ठेवायचं. एकटी सून नव्या घरात बोलते का पहिल्या दिवशी?

परदेश कशाला, पापड घ्या. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. त्याचं लिज्जत झालं. तिथे लाटणारी बाई नोकर नाही, मालक आहे, आणि कारभार बघणाऱ्या बायकाही त्यांच्यातल्याच. कोणत्या पतीनं त्यांना सही कुठे करायची ते दाखवलं?

आपल्याच घरात या. चतुर्विध संघ म्हणजे मुनी, आर्यिका, श्रावक आणि श्राविका. चारात दोन आपण. महावीरांच्या संघात छत्तीस हजार आर्यिका आणि त्यांची प्रमुख चंदना, हे आपण मुलांना पाठ करायला लावतो. हजार वर्षांपूर्वी याच कन्नड मुलखात अत्तिमब्बेनं शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून वाटल्या, लक्कुंडीला जिनालय बांधलं. तो पैसा कुठे खर्च करायचा हे तिनं ठरवलं. आणि आज? माझ्या ओळखीच्या बस्त्यांच्या कमिट्या मोजल्या. पंचकल्याणकाचे बोली लावायचे पैसे बायकांच्या बांगड्यांतून येतात, पण कमिटीच्या पाटीवर एक बाई नाही. कंपन्यांना नावं ठेवायला आपल्याला तोंड नाही.

कुणी म्हणेल, नावापुरती तर नावापुरती, बिघडलं काय? बिघडतं. नुसतं नाव असलं तरी कायद्यापुढे तुम्ही संचालक असता. सलग तीन वर्षं विवरणपत्रं भरली नाहीत म्हणून २०१७ साली सरकारनं तीन लाखांहून जास्त संचालकांना अपात्र ठरवलं. घरबसल्या बायकांना अशी नोटीस आली तर त्या नवऱ्याला विचारणार, "हे काय आलंय हो?" शिवाय कर्ज घेताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागते. ती हमी नावापुरती नसते, वसुलीच्या दिवशी ती खरीखुरी असते.

हे मला कळलं ते मागच्या वर्षी. नव्या भट्टीसाठी कर्ज काढायचं होतं. भावजी संध्याकाळी कागद घेऊन आले, पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या. सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची घाई होती. मी म्हटलं, "ठेवा. वाचून सकाळी देते." ते हसले. "वहिनी, त्यात वाचण्यासारखं काय आहे?" हे काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले.

रात्री चष्मा लावून बसले. इंग्रजी अवघड, पण बी.ए.ला असताना त्याहून अवघड वाचलं होतं. सातव्या पानावर तारणाच्या यादीत टिळकवाडीचं घर होतं. माझ्या वडिलांच्या पैशातून घेतलेलं, माझ्या नावावरचं. मला कुणी विचारलं नव्हतं. लबाडी होती असं मी म्हणत नाही. विचारायचं असतं हेच कुणाला सुचलं नव्हतं.

सकाळी मी बाकी सह्या केल्या आणि त्या पानावर केली नाही. पंधरा दिवस घरात जेवताना भांड्यांचाच आवाज होता. धाकट्या जाऊबाई तर माझ्याशी बोलतच नव्हत्या, मग एके दुपारी मागच्या दारानं आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अक्का, माझ्या पानांवर काय होतं ते बघता येईल का हो आता?" दोघी मिळून बसलो. भट्टी आली, थोडी लहान आली. आणि या वेळेला मीटिंगची सूचना पहिल्यांदाच आधी सात दिवस लेखी आली, दोघींच्या नावानं वेगवेगळी. वेळ दुपारी तीनची आहे. स्वयंपाक सकाळीच उरकून आम्ही जाणार आहोत.