घराण्याचा शाप नव्हे

आधी आजोबांचे, मग वडिलांचे हातपाय आपोआप हलू लागले, तोल जाऊ लागला, स्वभाव बदलला, की लोक ‘घराण्याला शाप आहे’ म्हणतात. शाप नव्हे, तो हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आनुवंशिक आजार असू शकतो.

व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठच्या कोळ्यांच्या वस्त्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. तेथील कुटुंबांनी रक्त दिले, त्याची शास्त्रज्ञांना मोठी मदत झाली. १९८३ साली दोषाचा ठिकाणा चौथ्या गुणसूत्रावर लागला. १९९३ साली जनुक सापडले. या जनुकात तीन अक्षरांचा एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. तो ४० किंवा अधिक वेळा आला, की आजार होतो; बहुधा तिशी ते पन्नाशीत. तोवर मुलेबाळे झालेली असतात.

आईबापांपैकी एकात दोष असला, तरी प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी. पहिल्याला आला म्हणून दुसरा सुटला, असे नाही. मात्र ज्याच्यात दोष उतरलाच नाही, त्याच्यापासून तो पुढे जात नाही.

आजार मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. हालचाली कमी करणारी औषधे आहेत. रक्ततपासणी करायची की नाही, हे सज्ञान झाल्यावर ज्याचे त्याने तज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरवावे. प्रत्येक कंप हा हंटिंग्टन नसतो. म्हणून अंगारेधुपारे न करता रोग्याला मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा. आणि घरच्या सुनेला बोल लावू नका.