नक्कल करावी, पण फाइलची!

'नक्कल' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत आपण त्याला 'नक़्ल' म्हणतो. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणे म्हणजे नक़्ल, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. मराठीत या गैरप्रकाराला 'कॉपी करणे' म्हणतात आणि कचेरीतून मिळणाऱ्या कागदाच्या प्रतीला 'नक्कल' म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र 'एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे' असा आहे. म्हणूनच उर्दूत घर बदलण्याला 'नक़्ल-ए-मकानी' म्हणतात. प्रत काढणे आणि ती दुसरीकडे नेणे, असे दोन्ही अर्थ या एका शब्दात आहेत.

आज मी तुम्हांला नक्कल करायलाच सांगणार आहे. शिक्षकाने असे सांगावे याचे तुम्हांला नवल वाटेल. पण ही नक्कल उत्तरपत्रिकेची नाही, ती आपल्या घरच्या संगणकातील फाइलींची आहे.

तुमच्या घरी संगणक असेल, तर त्यात काय काय आहे याचा एकदा विचार करा. थोरल्या बहिणीच्या निकाहाचे फोटो असतील. भावाच्या गुणपत्रिका आणि दाखले असतील. अब्बांच्या दुकानाचा हिशेब असेल. कदाचित आता हयात नसलेल्या आजोबांचा आवाज कोणीतरी मोबाइलवर टिपून नंतर संगणकात ठेवला असेल. हे सारे तळहाताएवढ्या एका डिस्कवर साठवलेले असते. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये एक चकती मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरते आणि माहिती वाचणारे टोक तिच्यावर तरंगत असते. त्या दोहोंमधले अंतर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी असते. चालू असताना धक्का बसला किंवा डिस्क हातातून पडली, तर चकतीवर ओरखडा उठतो आणि त्या जागची माहिती जाते. नव्या संगणकांत फिरणारी चकती नसते, चिप असते. ती धक्क्याने सहसा बिघडत नाही, पण बिघडते तेव्हा कुरकुर किंवा खडखड असा आवाज करून आधी सूचना देत नाही. थोडक्यात, प्रत्येक डिस्क कधी ना कधी बंद पडणार आहे. ती बंद पडेल त्या दिवशी आपल्याकडे दुसरी प्रत आहे की नाही, एवढाच खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न मोठमोठ्या कंपन्यांनाही सुटलेला नाही. 1998 साली अमेरिकेतील पिक्सार या चित्रपटसंस्थेत 'टॉय स्टोरी 2' या चित्रपटाचे काम चालू होते. कोणाकडून तरी फाइली पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली गेली आणि पाहता पाहता चित्रपटाचा मोठा भाग संगणकांवरून नाहीसा झाला. काळजीचे कारण नव्हते, कारण संस्थेकडे राखीव प्रती होत्या. पण त्या उघडून पाहिल्या तेव्हा कळले, की काही आठवड्यांपासून प्रती नीट निघतच नव्हत्या. त्या चित्रपटावर काम करणाऱ्या गॅलिन सुसमन या बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती. तो संगणक पांघरुणात गुंडाळून, मोटारीतून जपून कचेरीत आणला गेला आणि काम वाचले. चित्रपट 1999 साली प्रदर्शित झाला. या हकिकतीत दोन धडे आहेत. वेगळ्या जागी ठेवलेली प्रत कामाला येते, हा पहिला. आणि उघडून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबू नये, हा दुसरा.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "आता हे सगळे आपोआप होते. फोटो इंटरनेटवर जातात. मग हाताने कशाला करायचे?" हा आक्षेप रास्त आहे. इंटरनेटवर प्रत ठेवणे चांगलेच आहे, ते बंद करा असे मी म्हणत नाही. पण केवळ त्यावर सारे सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा बहुतेक सेवा संगणक आणि इंटरनेट या दोन्ही ठिकाणच्या फाइली सारख्या ठेवतात. तुम्ही इकडे फाइल पुसली, की तिकडचीही पुसली जाते. काही दिवस ती कचरापेटीत राहते आणि मग कायमची जाते. ही जुळवाजुळव झाली, तिला राखीव प्रत म्हणता येत नाही. शिवाय तिथली जागा आपली नसते आणि तिथले नियमही आपण ठरवत नाही. गूगलने फोटोंसाठी दिलेली अमर्याद मोफत जागा 1 जून 2021 पासून बंद केली. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण त्याच कंपनीने 2023 साली जाहीर केले. एखाद्या घरातील वडीलधारे माणूस वारले आणि त्यांचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नसला, तर त्यांचे फोटो कोण सोडवून आणणार?

हाताने नक्कल करण्याचे आणखी एक कारण मला फार महत्त्वाचे वाटते. आपोआप होणारे काम आपल्याला निवड करायला लावत नाही. हाताने करताना मात्र थांबून विचारावे लागते, यातले काय गेले तर पुन्हा मिळणार नाही? सिनेमा आणि गाणी पुन्हा मिळतील. खेळ पुन्हा उतरवून घेता येतील. पण आजोबांचा आवाज पुन्हा मिळणार नाही. ही निवड करायला शिकणे हेही एक शिक्षण आहे. ज्याला आपल्याजवळ काय आहे हेच ठाऊक नाही, तो ते सांभाळणार तरी कसे?

आता हे काम कसे करायचे ते पाहू. त्याला कोणताही खास प्रोग्रॅम लागत नाही. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह संगणकाला जोडा. त्यात आजच्या तारखेचे एक फोल्डर तयार करा. संगणकातील महत्त्वाच्या फाइली निवडा आणि 'कॉपी' करून त्या फोल्डरमध्ये 'पेस्ट' करा. येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. 'कॉपी' म्हणजे प्रत काढणे आणि 'कट' म्हणजे उचलून नेणे. संगणकात जागा उरली नाही म्हणून पुष्कळ लोक सगळे फोटो 'कट' करून बाहेरच्या डिस्कवर टाकतात आणि फोटो सुरक्षित झाले असे समजतात. वस्तुतः प्रत पूर्वीही एकच होती आणि आताही एकच आहे. फक्त तिची जागा बदलली. बाहेरच्या डिस्कवर आहे म्हणून फाइल सुरक्षित ठरत नाही, ती दोन ठिकाणी असेल तरच सुरक्षित ठरते.

फाइली उतरल्या, की दोन्हीकडच्या फोल्डरमधील फाइलींची संख्या ताडून पाहा. मग बाहेरच्या डिस्कवरील पाचसहा फाइली प्रत्यक्ष उघडा. फोटो दिसतो का? आवाज ऐकू येतो का? पिक्सारचा दुसरा धडा येथे उपयोगी पडतो. शेवटी डिस्क एकदम ओढून काढू नका. संगणक कधीकधी काही माहिती आपल्या स्मृतीत धरून ठेवतो आणि थोड्या वेळाने डिस्कवर लिहितो. म्हणून आधी पडद्यावरून डिस्क सुरक्षितपणे काढण्याची आज्ञा द्यावी आणि मगच वायर काढावी.

उर्दू शाळांसाठी एक खास सूचना. 1994 साली आलेल्या 'इनपेज' या प्रोग्रॅमवर आपल्याकडील कितीतरी वार्षिक अंक, प्रश्नपत्रिका आणि मुशायऱ्यांची निमंत्रणे तयार झाली. पण तो प्रोग्रॅम नसलेल्या संगणकावर त्याच्या फाइली सहसा वाचता येत नाहीत. म्हणून अशा प्रत्येक फाइलीबरोबर तिची पीडीएफ प्रतही ठेवा. पेटी जपली आणि किल्ली हरवली, असे होऊ नये.

काम झाल्यावर डिस्क संगणकाला जोडून ठेवायची नाही. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा संगणकी विषाणू सुमारे 150 देशांत पसरला. तो फाइलींना कुलूप लावी आणि ते उघडण्यासाठी पैसे मागे. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाजही त्याने विस्कळीत केले. असा विषाणू संगणकाला जोडलेल्या डिस्कवरील फाइलींनाही कुलूप लावू शकतो. कपाटात ठेवलेल्या डिस्कपर्यंत मात्र तो पोहोचू शकत नाही. हाताने नक्कल करण्याचा हा मोठा फायदा आहे.

पण ते कपाट कोठे असावे? 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरील असंख्य घरांत पाणी शिरले. अशा वेळी संगणक टेबलावर आणि डिस्क टेबलाच्या खणात असेल, तर दोन्ही एकाच पाण्यात बुडतात. दोन प्रती असूनही हाती काहीच उरत नाही.

आपल्या उर्दू साहित्याच्या इतिहासात याचे एक ठळक उदाहरण आहे. मिर्झा गालिब आपले लेखन स्वतःजवळ जपून ठेवत नसत. नवाब झियाउद्दीन अहमद खान आणि हुसेन मिर्झा हे दिल्लीतील त्यांचे दोन स्नेही ते लेखन गोळा करून ठेवत. म्हणजे संग्रह एक नव्हे, दोन होते. पण 1857 च्या धामधुमीत दोघांचीही घरे लुटली गेली आणि दोन्ही संग्रह गेले. याचे दुःख गालिब यांनी आपल्या पत्रात व्यक्त केले आहे. दोन्ही संग्रह एकाच शहरात होते आणि त्या शहरावर आलेल्या संकटात दोन्ही सापडले. गालिब यांनी रामपूरच्या नवाबांकडे पाठवलेली आपल्या उर्दू दिवानाची हस्तलिखित प्रत मात्र सुरक्षित राहिली. रामपूर दिल्लीपासून दूर होते, एवढेच त्याचे कारण. नक़्ल या शब्दातील दुसरा अर्थ, 'दुसऱ्या जागी नेणे', तेथे कामी आला.

म्हणून माझे म्हणणे असे, की एक प्रत संगणकात असावी, दुसरी घरातल्या डिस्कवर असावी आणि अगदी मोलाच्या फाइलींची तिसरी प्रत मामूंच्या किंवा खालाजानच्या घरी असावी. त्यांचे घर दुसऱ्या गावी असेल, तर अधिकच चांगले. ईदला जाल, तेव्हा नवी डिस्क द्या आणि जुनी परत आणा.

या पद्धतीत उणिवा नाहीत असे नाही. माणूस विसरतो, ही सर्वांत मोठी उणीव. त्यासाठी महिन्याचा पहिला सुट्टीचा दिवस ठरवून टाका आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. जगात 31 मार्च हा दिवस 2011 पासून 'जागतिक बॅकअप दिन' म्हणून पाळला जातो. आपल्याकडे त्याच दिवशी आर्थिक वर्ष संपते आणि दुकानदार वर्षाचा हिशेब मिटवतात. वर्षातून एकदा फाइलींचाही हिशेब त्याच दिवशी करावा. बाहेरची डिस्कही अमर नसते. चार-सहा महिन्यांतून एकदा ती जोडून पाहावी आणि जुनी झाली, की तिच्यावरचे सारे नव्या डिस्कवर उतरवावे.

खर्चाचा प्रश्नही खरा आहे. प्रत्येक घराला मोठी डिस्क घेणे परवडेलच असे नाही. पण दाखले, हिशेब, निवडक फोटो आणि काही आवाज यांना फारशी जागा लागत नाही. एका साध्या पेन ड्राइव्हमध्ये ते सहज मावतात. पेन ड्राइव्ह लहान असतो, हरवतो, कधी बिघडतोही. म्हणून मूळ फाइली संगणकातून पुसू नका. पेन ड्राइव्ह हा जोडीदार आहे, वारस नाही.

विद्यार्थी मित्रांनो, घरात संगणकाची माहिती बहुधा तुम्हांलाच सर्वांत जास्त असते. अम्मी-अब्बांना दुकान आणि घरकाम यांतून सवड मिळत नाही. तेव्हा ही जबाबदारी तुम्ही उचला. आज घरी गेल्यावर आईला विचारा, "अम्मी, या संगणकातली कोणती वस्तू गेली तर तुम्हांला सर्वांत जास्त वाईट वाटेल?" त्या ज्या फाइलीचे नाव घेतील, तिची नक्कल सर्वांत आधी करा आणि ती उघडून त्यांना दाखवा.