धूर मोजला, खर्रा राहिला



देशोदेशीच्या धूम्रपानाचे आकडे पाहिले की आपण फार शहाणे वाटतो. २०२१ च्या पाहणीत इंडोनेशियात तिघांतला एक प्रौढ ओढणारा निघाला. नुसते पुरुष मोजले तर तिघांतले दोघे. भारतात २०१६-१७ च्या पाहणीत विडी-सिगारेट ओढणारे शंभरात १०.७, आणि महाराष्ट्रात फक्त ३.८.

टाळ्या वाजवण्याआधी दुसरा रकाना वाचा. त्याच पाहणीत महाराष्ट्रात बिनधुराची तंबाखू घेणारे शंभरात २४.४, बायकांत १६.६. आपण ओढत नाही, खर्रा घोटतो, मिसरी लावतो. धूम्रपानाच्या तक्त्यात गालातली गोळी मोजत नाहीत. तोंडाच्या कर्करोगाला मात्र धूर लागत नाही.

राज्यात २०१२ साली गुटखाबंदी झाली. पानठेल्यावरचे घोटणे थांबले नाही. नुसत्या बंदीवर आमचा भरवसा नाही. पण सवय सुटतच नाही, हेही खरे नाही. ब्रिटनमध्ये १९७४ साली शंभरातले ४६ ओढत होते. २०२३ साली सुमारे १२ उरले. कर चढला, जाहिराती बंद झाल्या, लोकांनीही मनावर घेतले.

कापसाच्या कटतीचा हिशेब आपण पै-पैचा मागतो, आणि मागितलाच पाहिजे. पण घरातल्या खर्र्याचा वर्षाचा हिशेब कुणी मांडला आहे? व्यापाऱ्याने कापले तर लूट आणि आपणच कापले तर शौक?

पुढच्या बैठकीला हा हिशेब लिहून आणा. आणि मंडपात पुड्या फिरणार नाहीत, हा ठराव पहिला करू.